तवंदी घाटात बंद पडलेली एमजीबी आणि अँबॅसिडरचा कंडेन्सर

शहापूरकर

इथं जुन्या गाड्यांवर धागे पुष्कळ आहेत, खरं त्यातले बहुतेक पॉलिश आणि फोटोंचे. रस्त्यात गाडी थांबली तर आधी काय बघायचं, यावर नीट लिहिलेलं काही सापडलं नाही. परवाच्या प्रसंगानं ते लिहायला निमित्त मिळालं.

गाडी मामांची. एमजीबी रोडस्टर, इंग्लंडची स्पोर्ट्स कार, १९६६ची. १७९८ सीसी, दोन एसयू कार्ब्युरेटर, अल्टरनेटरऐवजी डायनॅमो, पॉझिटिव्ह अर्थ (म्हणजे बॅटरीचा प्लस बॉडीला जोडलेला), आणि सीटमागं सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या. मामा कोल्हापुरात, त्यांना हवा तो रेक्झिनवाला बेळगावात, म्हणून गाडी घेऊन मी निघालो. निपाणीपर्यंत झकास. पुढं तवंदीचा चढ लागला आणि समोर उसाचे दोन ट्रेलर ओढत एक ट्रॅक्टर. त्याच्या मागं दुसऱ्या गिअरमध्ये, टळटळीत उन्हात, पाण्याचा काटा हळूहळू वर. अर्ध्या चढावर गाडी मिसिंग करायला लागली. आरपीएमचा काटा वेड्यासारखा नाचला आणि गाडी बंद.

हा काटा लक्षात ठेवा. या मॉडेलला आरपीएम मीटर विजेवरचा, इग्निशन कॉइलच्या प्रायमरीतून, म्हणजे बॅटरीकडच्या वेटोळ्यातून, जाणाऱ्या करंटवर चालतो. पेट्रोल संपत आलं की गाडी धापा टाकते, काटा मात्र इंजिनाबरोबर निमूट खाली येतो. चाकं फिरतायत, गाडी गिअरमध्ये आहे आणि काटा उड्या मारतोय किंवा एकदम शून्यावर पडतोय, तर भानगड बहुतेक इग्निशनमध्ये. म्हणजे बोनेट उघडायच्या आधीच निम्मा तपास झाला.

गाडी कडेला घेतली, मागं दगड लावले. किल्ली फिरवल्यावर मागून पंपाची टिकटिक आली आणि थांबली. म्हणजे फ्लोट चेंबर भरले, पेट्रोल पुढं पोचतंय. टिकटिक आलीच नसती तर पंप, आणि थांबलीच नसती तर कुठंतरी हवा ओढतोय किंवा टाकी रिकामी. मग डिस्ट्रिब्युटर कॅपमधून कॉइलची मेन वायर उपसली, टोक ब्लॉकपासून पाव इंचावर धरून सोबतच्या भाच्याला सेल्फ मारायला लावला. करंट येत होता, खरं पिवळट, बारीक, मधूनच गायब. चांगला करंट निळा आणि जाड दिसतो, चट्चट आवाज करतो. कॅप काढून पॉइंट (कॉइलचा करंट जोडणारी-तोडणारी उघडझाप) बघितले तर तोंडं निळीकाळी जळलेली. इग्निशन चालू ठेवून स्क्रूड्रायव्हरनं पॉइंट उघडले, तर तिथंच भला मोठा जाळ. जो जोर प्लगवर जायला हवा तो पॉइंटवरच फुकट चाललेला. कंडेन्सर गेला, यात शंका नव्हती.

स्पेअर कंडेन्सर गाडीत नव्हता. एवढ्यात एका ट्रकवाल्यानं "एन आतरी?" (काय झालं?) म्हणत गाडी थांबवली, ऐकून घेतलं आणि निपाणीत जुन्या अँबॅसिडरचं काम करणाऱ्या एका मिस्त्रीमामांना फोन लावून दिला. हे मामा लुनावरून आले. खाकी शर्टाच्या खिशातून तपकिरीची पत्र्याची डबी काढली. तिच्यात पॉइंट, रोटर, कार्बनचे तुकडे, दोन-तीन कंडेन्सर, सगळं कापसात गुंडाळलेलं. कंडेन्सर म्हणजे करंगळीच्या पेराएवढा पत्र्याचा गोल डबा आणि त्यातून निघालेली एक वायर.

मला वाटलं आता डिस्ट्रिब्युटर खोलायचा. मामांनी फक्त आतल्या जुन्या कंडेन्सरची वायर सोडवून टेप मारली. पॉइंटची तोंडं बारीक पॉलिश पेपरनं दोनदा ओढून पुसली आणि त्यांच्यात व्हिजिटिंग कार्ड सरकवून गॅप लावली. मग अँबॅसिडरचा कंडेन्सर कॉइलच्या ब्रॅकेटच्या बोल्टखाली दाबून बसवला आणि त्याची वायर कॉइलच्या सीबी टर्मिनलला, म्हणजे पॉइंटकडच्या टोकाला, जोडली. डिस्ट्रिब्युटरच्या बाहेरच! विजेच्या हिशेबानं कंडेन्सर पॉइंटना समांतर असला की झालं, तो डिस्ट्रिब्युटरच्या पोटातच असला पाहिजे असं काही नाही.

पहिल्याच सेल्फला गाडी उठली. मामा म्हणाले, "बेळगावपर्यंत कशाला, बेंगळुरापर्यंत जाईल." पैसे किती म्हटल्यावर कंडेन्सरचेच घेतले. संकेश्वर, हत्तरगी, काकती, कुठंही कुरकुर नाही. अजून तोच कंडेन्सर तसाच बाहेर लटकतोय, आणि मला तो तसाच आवडतोय.

खानापुरी

मस्त लिहिलंय, वाखूसा (वाचनखूण साठवली). खरं एक शंका. घाट, ऊन, ट्रॅक्टरमागं सरपटणं, हे सगळं वेपर लॉकचं (नळीत पेट्रोलची वाफ अडकल्याचं) लक्षण नाही काय? आमच्या घरच्या अँबॅसिडरला चोर्ला घाटात दर उन्हाळ्यात हाच त्रास. वडील पंपावर ओलं फडकं टाकून बसायचे, अर्ध्या तासानं गाडी आपोआप चालू. कदाचित तुमचीही नुसती थंड होऊनच चालू झाली असती.

निपाणकर_नाना

खानापुरी, तुमच्या वडिलांचं बरोबर होतं, कारण अँबॅसिडरचा पंप इंजिनाच्या अंगाला लावलेला असतो आणि कॅमशाफ्टवर चालतो. तो टाकीतून पेट्रोल ओढतो. ओढताना नळीतला दाब कमी होतो, वर इंजिनाची धग, मग पेट्रोलची वाफ व्हायला किती वेळ? पंप वाफेवर नुसता हात मारत बसतो.

एमजीबीचा एसयू पंप मागं असतो, मागच्या चाकापुढं, बॅटरीच्या कप्प्याजवळ. तो पेट्रोल ओढत नाही, पुढं ढकलतो. नळीत दाब असतो, त्यामुळं वाफ धरायचा संभव बराच कमी. या गाडीला उन्हाचा त्रास होतो तो वेगळा. गरम इंजिन बंद केलं की खालच्या एक्झॉस्टची धग फ्लोट चेंबरला लागते, पेट्रोल उकळून कार्ब्युरेटरात उतरतं आणि पाच-दहा मिनिटांनी सेल्फ मारला की गाडी ओली होऊन बसते. चालत्या गाडीत हे सहसा होत नाही.

आणि गरम झाल्यावर बंद, थंड झाल्यावर चालू, हे कंडेन्सरचंही लक्षण आहे बरं का. आतलं इन्सुलेशन तापलं की फुटतं, गार झालं की परत धरतं. म्हणून लोक वर्षभर वेपर लॉक वेपर लॉक करत फडकी भिजवतात. शहापूरकरांनी आधी करंट बघितला, हे झकास केलं.

अवांतर: मामा कोण ते ओळखलं. नाव लिहीत नाही, उगाच गिऱ्हाईक वाढलं म्हणून शिव्या घालतील.

मधुरा_टि

गाडीतलं मला ओ की ठो कळत नाही, तरी वाचतेय. कंडेन्सर नेमकं करतो काय, साध्या मराठीत कुणी सांगेल का? पॉइंटवर जाळ झाला तर प्लगवर का कमी होतो?

शहापूरकर

मधुराताई, प्रयत्न करतो.

कॉइलमध्ये दोन वेटोळी असतात. जाड तारेच्या थोड्या वेढ्यांतून बॅटरीचे बारा व्होल्ट जातात. पॉइंट मिटलेले असताना हा करंट वाहतो आणि गाभ्यात चुंबकत्व साठतं. पॉइंट उघडले की करंट तुटतो, चुंबकत्व कोसळतं आणि बारीक तारेच्या हजारो वेढ्यांत काही हजार व्होल्ट उठतात. प्लगला मिळतात ते हे. यातली मेख एवढीच की करंट जितका झटक्यात तुटेल तितके व्होल्ट जास्त.

खरं करंट झटक्यात तुटायला तयार नसतो. पाटाचं पाणी एकदम अडवलं की बांध फोडून उसळतं, तसा तो पॉइंटच्या फटीतून ठिणगी मारून पलीकडं जातो. कंडेन्सर म्हणजे बांधाशेजारचा खड्डा. उसळलेलं पाणी क्षणभर त्यात शिरतं, तेवढ्यात पॉइंट पुरेसे लांब गेलेले असतात आणि करंट साफ तुटतो. कंडेन्सर आतून तुटला की खड्डा गेला. मग जाळ पॉइंटवर, प्लगवर मरतुकडा करंट. आणि आतल्या आत शॉर्ट झाला तर पॉइंट उघडले काय अन् मिटले काय, करंट तुटतच नाही, गाडी ठार. म्हणून मामांनी आधी जुन्याची वायर सोडवली. नुसता नवा जोडून जुना तसाच ठेवला असता तर शॉर्ट झालेल्या जुन्यानं नव्यालाही काही करू दिलं नसतं.

कॅम्पातला_बंड्या

२०२५ संपलं आणि तुम्ही लोक अजून पॉइंट घासताय? इलेक्ट्रॉनिक इग्निशनचं छोटं किट येतं, कॅपखाली बसतं, बाहेरून दिसतही नाही. पॉइंट नाही, कंडेन्सर नाही, तपकिरीची डबी नाही. लावा आणि विसरा.

जुनाट

बंड्या, "लावा आणि विसरा" हे खरं, खरं घाटात ते आठवतंच. (पुण्यामुंबईच्या वाचकांसाठी: दुसरं खरं म्हणजे पण.)

किटाला माझा विरोध नाही. माझ्या फियाटला आहे, चांगलं चालतं. तरी शहापूरकरांच्या गाडीपुरत्या दोन गोष्टी सांगतो. पहिली, गाडी पॉझिटिव्ह अर्थ आहे. किट त्यासाठीचं वेगळं घ्यावं लागतं. निगेटिव्हचं लावून किल्ली फिरवली की किट तिथंच खलास, परत दुकानदाराकडं जायलाही तोंड राहत नाही. एमजीबी निगेटिव्ह अर्थ आणि अल्टरनेटरवर गेली ती १९६७च्या अखेरीस, त्यामुळं १९६६च्या गाडीत आधी मीटर लावून खात्री करा. मधल्या काळात कुणी पोलॅरिटी उलटी करून घेतलेलीही असते. दुसरी गोष्ट, पॉइंट मरताना सांगून मरतात. गाडी आधी मिसिंग करते, मग जड चालू होते, तुम्हाला वेळ देते. इलेक्ट्रॉनिक किट गेलं की गेलं. त्यावर पॉलिश पेपर चालत नाही आणि निपाणीच्या मामांच्या डबीत ते नसतं.

माझा तोडगा साधा आहे. किट लावा, आणि पॉइंट-कंडेन्सर बसवलेली जुनी प्लेट फडक्यात गुंडाळून डिकीत ठेवा.

खानापुरी

नाना, समजलं, वेपर लॉकचा मुद्दा मागे घेतला. आता दुसरी शंका. कंडेन्सर म्हणजे कपॅसिटरच ना? मग घरातल्या पंख्याचा चालेल काय? तो तर कुठंही मिळतो, अगदी कणकुंबीतसुद्धा.

जुनाट

नको. पंख्याचा साधारण अडीच मायक्रोफॅरडचा असतो, गाडीचा पाव मायक्रोफॅरडच्या आसपास. दहापट. मोठा खड्डा भरायलाच वेळ जातो, करंट मरतो, आणि एका पॉइंटवर खड्डा, दुसऱ्यावर टेंगूळ तयार होतं. फियाटचा, जुन्या पेट्रोल जीपचा, किंवा पॉइंटवाल्या रिक्षाचा कंडेन्सर मात्र तवंदीहून घरी यायला बिनधास्त चालतो.

संकेश्वरी_मिरची

सगळे कंडेन्सरच्या मागं लागलेत म्हणून आठवण करून देते, रोटर, म्हणजे कॅपखाली फिरत प्लगांना करंट वाटणारा तुकडा, विसरू नका. आमच्या ह्यांच्या हेराल्डला हुबेहूब हीच लक्षणं होती. गरम झाली की बंद, गार झाली की चालू. पॉइंट, कंडेन्सर, कॉइल सगळं बदललं. शेवटी दोष रोटरचा निघाला. बाजारातल्या काही नव्या रोटरांत पितळी पट्टी रिव्हेटनं बसवलेली असते आणि रिव्हेटचं टोक आतल्या शाफ्टच्या फार जवळ येतं. तापलं की करंट कॅपकडं जायचं सोडून रिव्हेटमधून शाफ्टला, म्हणजे थेट अर्थला.

ओळखायची युक्ती: कॅप काढा, रोटर जागेवर राहू द्या. कॉइलची मेन वायर रोटरच्या मधल्या पितळी पट्टीच्या जरा वर धरा आणि सेल्फ मारा. रोटर चांगला असेल तर करंटला जायला वाट नसते, एखादी बारीक ठिणगी पडली तर पडली. धडाधड ठिणग्या पडायला लागल्या तर रोटर फुटलाय असं समजा. गाडी गरम असतानाच करा, गार झाल्यावर तो पुन्हा साळसूद होतो. आणि वायर पकडीनं धरा, हातानं नको. झटका जीवघेणा नसेल, खरं हात झटकताना कोपर बोनेटवर आपटतं ते जास्त लागतं.

शहापूरकर

ताई, हे माहीत नव्हतं. आमचा रोटर बघितला, रिव्हेटवालाच आहे. बदलतो.

एक राहिलं लिहायचं. मामा यायच्या आधी सेल्फ मारून मारून बॅटऱ्या मंदावल्या होत्या. एक बोलेरोवाले थांबले आणि जंपर केबल काढून थेट लावायलाच निघाले. पॉझिटिव्ह अर्थ आहे म्हटल्यावर त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की जणू मी महाराष्ट्राची पासिंग आहे म्हणूनच हे नखरे चाललेत. (गाडी कोल्हापूरची एमएच-०९, मी मूळचा बेळगावचा, केए-२२.) यावर कुणीतरी नीट लिहा.

जुनाट

लिहितो, कारण यात गाडी नाही, दोन गाड्या जातात.

केबलचा नियम बदलत नाही: प्लसला प्लस, मायनसला मायनस, बॅटरीच्या खांबालाच. बदलतं ते बॉडीचं. बोलेरोची बॉडी मायनस, तुमच्या एमजीची बॉडी प्लस. दोन्ही गाड्यांचे बंपर एकमेकांना टेकले आणि केबल जोडलेली असेल तर सरळ शॉर्ट. म्हणून मध्ये हातभर अंतर हवंच.

शेवटची काळी केबल बॅटरीला न लावता इंजिन ब्लॉकला लावा, असं जे सगळीकडं सांगतात ते नव्या गाड्यांसाठी. एमजीच्या ब्लॉकला काळी लावली की बोलेरोच्या प्लस-मायनसची गाठ मारली असं समजा. आणि या गाडीत दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये आहेत. बारा व्होल्ट हवेत तर पहिल्याचा मोकळा खांब आणि दुसऱ्याचा मोकळा खांब. मधल्या जोडणीला केबल लावली तर सहाच मिळतात.

खरं तर घाटात याची गरज नाही. उतारावर तोंड करता आलं तर दुसऱ्या गिअरवर क्लच सोडा. तवंदीला एकेरी रस्ता आहे आणि तोंड वर, हे मान्य.

कॅम्पातला_बंड्या

मला एक कळलं नाही. इंग्लंडची स्पोर्ट्स कार आणि आपली अँबॅसिडर, कंडेन्सर जुळला कसा? नुसतं नशीब?

निपाणकर_नाना

बंड्या, नशीब नाही, भाऊबंदकी.

अँबॅसिडर म्हणजे मॉरिस ऑक्सफर्ड, थर्ड सिरीज. हिंदुस्तान मोटर्सनं तिच्यात नंतर जे ओव्हरहेड व्हॉल्व्हचं १४८९ सीसी इंजिन बसवलं ते बीएमसीचं (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचं) बी सिरीज. १९५५ला आलेल्या एमजीए या स्पोर्ट्स कारमध्येही हेच बी सिरीज, हेच १४८९ सीसी, फक्त दोन कार्ब्युरेटर आणि जरा तिखट ट्यूनिंग. १९६२ला एमजीबी आली तेव्हा त्याच इंजिनाचा बोअर वाढवून १७९८ सीसी केलं. १९६४च्या अखेरीपासून क्रँकला तीनऐवजी पाच बेअरिंगं आली. शहापूरकरांची गाडी त्यातली.

म्हणून आपल्या टॅक्सीवाल्यांच्या मिस्त्रीला एमजीचं बोनेट उघडलं की घरात आल्यासारखं वाटतं. फायरिंग ऑर्डर तीच १-३-४-२. रोटर तसाच उलटा, म्हणजे घड्याळाच्या विरुद्ध फिरतो. टॅपेट सेट करायची पद्धत तीच. डिस्ट्रिब्युटर तिकडं लुकासचा, इकडं मद्रासच्या लुकास-टीव्हीएसचा, घराणं एकच.

सगळंच जुळतं असं मात्र समजू नका. पिस्टन, क्रँक, बेअरिंग वेगळे. पॉइंटचे सेट डिस्ट्रिब्युटरच्या नमुन्याप्रमाणं बदलतात, जुना हातात घेऊनच दुकानात जा. कंडेन्सर जुळतो कारण त्याला मापं फारशी नाहीतच, नाहीतर बाहेर लटकवून चालला नसता. आणि मिस्त्री शोधताना जुन्या पेट्रोल अँबॅसिडरचा शोधा. इसुझूच्या इंजिनवर शिकलेल्या पोरांनी पॉइंट बघितलेले असतीलच असं नाही.

अँबॅसिडर २०१४ला बंद झाली. हे मामा लोक आता सत्तरीच्या आत-बाहेर आहेत. ज्यांच्याकडं असल्या गाड्या आहेत त्यांनी एखादा दिवस त्यांच्या शेजारी बसून घालवावा, एवढंच म्हणेन.

खानापुरी

अवांतर प्रश्न: आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल. त्याचा या गाड्यांना त्रास?

संकेश्वरी_मिरची

होतो की. जुन्या रबरी नळ्या फुगतात, मऊ पडतात, आतून सुटतात आणि तो काळा चिखल थेट फ्लोटच्या सुईत जाऊन बसतो. पंपाच्या डायफ्रामचीही तीच गत. इथेनॉल हवेतलं पाणीही ओढतं, म्हणून गाडी महिनोन्महिने उभी ठेवायची असेल तर टाकीत जुनं पेट्रोल ठेवू नये. नळ्या इथेनॉलला टिकणाऱ्या घेऊन एकदाच सगळ्या बदला, आणि मिश्रण जरा श्रीमंत करा (हवेच्या मानानं पेट्रोल जास्त), नाहीतर इंजिन तापतं.

खरं हे मोठ्यानं बोलायची आमची छाती नाही. आमच्या घरचा ऊस कारखान्याला जातो. ह्यांच्या हेराल्डच्या नळ्या खाणारं इथेनॉल आमच्याच शेतातलं नसेल कशावरून?

उद्यमबागेतला_टर्नर

धागा उशिरा बघितला. सगळ्यांनी बरोबर लिहिलंय, मी फक्त एक विचारतो. शहापूरकर, पॉइंट एवढे का जळले? कंडेन्सर गेला म्हणून, हे मान्य. खरं डिस्ट्रिब्युटरचा शाफ्ट हलतोय काय ते बघितलं? कॅप आणि रोटर काढून शाफ्टचं वरचं टोक दोन बोटांत धरा आणि आडवं हलवा. टकटक लागलं तर बुश, म्हणजे शाफ्ट ज्यात फिरतो ती नळी, गेलं. मग गॅप कितीही नेमकी लावा, ०.०१४ ते ०.०१६ इंचाची, ती दर फेरीत बदलत राहणार. एका सिलिंडरला करंट लवकर, दुसऱ्याला उशिरा. मिसिंग तिथूनही येतं.

दुसरं, कॉइल मीटरवर तपासा. प्रायमरी तीन ओमच्या आसपास यायला पाहिजे. दीड आली तर कुणीतरी नंतरच्या गाडीची, बॅलास्टवाली (करंट कमी करणारा रेझिस्टर लागणारी) कॉइल बसवलीय. तिला बॅलास्टशिवाय पूर्ण बारा व्होल्ट दिले की दुप्पट करंट जातो आणि पॉइंट महिन्या-दोन महिन्यांत खलास. नवा कंडेन्सर घालून हे सुटत नाही.

शहापूरकर

आत्ता जाऊन बघितलं. कॉइल ३.१ ओम, ठीक आहे. शाफ्ट मात्र हलतोय. फार नाही, खरं बोटाला कळतंय. याचं तयार बुश मिळतं का, की बनवावं लागेल?

उद्यमबागेतला_टर्नर

तयार मिळतं, बाहेरून मागवावं लागतं. इथं बनवायचं तर सिंटर्ड ब्राँझचं घ्या, तेल पिणारं. साधं पितळ नको, तिथं वंगण कमी पोचतं. बुश बसवायच्या आधी रात्रभर इंजिन ऑइलमध्ये बुडवून ठेवायचं. शाफ्टच घासला असेल तर नुसत्या बुशानं भागणार नाही, म्हणून शाफ्टही आणा. मायक्रोमीटर लावतो, मग ठरवू. बुश दाबताना बॉडी फुटते, ती अॅल्युमिनियमची आहे, हातोडीनं कुणालाही ठोकू देऊ नका. प्रेस आहे माझ्याकडं.

काढायच्या आधी क्लॅम्प आणि ब्लॉक दोन्हीवर खूण करा. रोटरचं तोंड कुठं आहे त्याचा फोटो काढा. क्लॅम्पच्या प्लेटचे ब्लॉकमधले दोन बोल्ट काढून प्लेटसकट बाहेर घ्या, प्लेट मोकळी केली की टायमिंग परत पहिल्यापासून लावावं लागतं.

शहापूरकर

शनिवारी सकाळी आणतो. मामा कोल्हापूरहून फोनवर विचारतायत, बाहेर लटकलेला कंडेन्सर आत घालून घ्यायचा काय?

उद्यमबागेतला_टर्नर

आतल्या जागेत नवा घालू. तो बाहेरचा तिथंच राहू दे, फक्त वायर सोडून टेप मारून ठेवू. पुन्हा तवंदीत अडकलात तर टेप काढायची आणि जोडायची.

कॅम्पातला_बंड्या

शनिवारी मीही येतो. किट घेऊन.

जुनाट

पॉझिटिव्ह अर्थचं आहे ना ते बघ आधी.